कानातली शीळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९८३च्या तुकडीतर्फे केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘निवृत्तीनंतरचा छंद’. माझ्या आधीचा वक्ता गच्चीवरच्या भाजीपाल्यावर बोलला आणि येताना वांगी घेऊन आला. मी हे खोकं घेऊन आलोय. मघापासून तिघांनी विचारलं, हा स्पीकर भाड्याने आणलास का रे? भाड्याचा नाही. हा गिटारचा अँप्लिफायर आहे, व्हॉल्व्हवर चालणारा, वजनाला चांगला चौदा किलो, आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घेतलेला. किंमत सांगत नाही, कारण बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिला सांगितलेला आकडा वेगळा आहे.

आपल्याकडे आवाजाला कधी तोटा नव्हता. जुना पुणे रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महापेचा रस्ता जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे आपण लहानाचे मोठे झालो. ट्रकने हॉर्न दिला की सर फळ्याकडे तोंड करून थांबायचे आणि ट्रक गेला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचे. आता तर वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच, शीळफाट्याला संपतो. म्हणजे त्यात भरच.

पण माझ्या कानाला खरा चटका लावला तो बेंजोने. देसाई गावातल्या एका हळदीत मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. मूळचा हा जपानचा, ताइशोगोतो नावाचा, १९१२ साली नागोयात जन्मलेला. तो आगरी हळदीत येऊन कसा बसला ही एक वेगळीच गंमत आहे. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, पुढे अँप्लिफायर आणि झाडाला कर्णा. वाजवणारा जोरात आला की आवाज फाटायचा. मोठी माणसं ओरडायची, ‘अरे कमी कर, फाटतोय!’ मला तो फाटलेलाच आवडायचा. शीळफाट्याचा मुलगा, त्याला दुसरं काय आवडणार?

सर, तुम्हाला आठवत असेल की नसेल, आठवीत असताना तुम्ही वर्गात एक जुना रेडिओ आणला होता आणि त्याची मागची पाठ काढून आम्हाला एकेकाला बोलावून आत बघायला लावलं होतं. काचेच्या नळ्या आणि आत नारिंगी तार. तुम्ही म्हणालात, ‘हात लावायचा नाही, रेडिओ बंद केला तरी आत वीज साठून राहते.’ तेव्हा मला ती भीती घालायची पद्धत वाटली. ती खरी गोष्ट होती. या खोक्यात आत्ता तीनशेच्या वर व्होल्ट आहेत, आणि प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात. म्हणून मी तो स्वतः कधी उघडत नाही.

दहावीनंतर आयटीआय, मग एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर. चौतीस वर्षं. गिटार मधूनमधून वाजवत होतो, कोलकात्याची गिव्हसन, तीही मित्राची. ती चौतीस वर्षं इथे सांगण्यासारखी नाहीत. त्यातली सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती पुढे येईल.

तर निवृत्त झालो आणि हा अँप घेतला. व्हॉल्व्हचाच का घेतला, हे थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्हमध्ये एक तार तापते, तिच्याभोवतीच्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, मध्ये एक जाळी असते आणि गिटारचा बारीकसा सिग्नल त्या जाळीवर बसून इलेक्ट्रॉनची वाहतूक कमीजास्त करतो. फाट्यावरच्या ट्रॅफिक हवालदारासारखं काम. माझ्या अँपमध्ये पुढे तीन छोटे व्हॉल्व्ह आहेत, ईसीसी ८३ जातीचे, आणि मागे दोन मोठे, ईएल ८४. हे दोन्ही नंबर जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना पाठ असायचे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ सालापासून आपल्या देशात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आता ते येतात रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. बाकी जगाने व्हॉल्व्ह केव्हाच सोडले, गिटारवाल्यांनी सोडले नाहीत. आणि गिटारचे अँप बनवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या बेसमन नावाच्या अँपवरून लंडनमधल्या जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराने १९६२ साली आपला पहिला अँप बनवून घेतला. म्हणजे एक रेडिओवाला आणि एक ड्रमवाला. गिटारवाला दोघांतही नाही.

आवाज फाटू नये म्हणून त्या लोकांनी जिवाचं रान केलं. आणि वाजवणाऱ्यांना काय हवं होतं? फाटलेला आवाज! इंग्लंडच्या द किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला, आणि त्या आवाजावर त्यांचं १९६४ सालचं ‘यू रिअली गॉट मी’ जगभर गाजलं. हे वाचलं तेव्हा मला देसाई गावातली हळद आठवली. आपला बेंजोवाला ब्लेडशिवाय तेच करत होता.

अँप घरी आणला त्या संध्याकाळी मी तो लावला आणि पहिला आवाज आला तो गिटारचा नव्हता. ‘घूंऽऽ’ असा होता. आणि मी गिटारच्या तारा धरून माइकला ओठ लावले तर ओठाला झिणझिणी आली. आपल्या वर्गातला वायरमन, जो आज मागे उभा आहे आणि मी नाव घेतलं तर इथून निघून जाईन म्हणालाय, त्याला रात्रीच फोन केला. तो बल्ब लावलेली टेस्टिंगची वायर घेऊन आला. बोर्ड उघडला, तर तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. आमचं घर जुनं, गावठाणातलं. अर्थिंगचं भोक शोभेला होतं. तो मला जे बोलला ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. त्याचं सार असं की चाळीस वर्षं या घरात इस्त्री लावतोस आणि जिवंत आहेस हे नशीब समज. दुसऱ्या दिवशी आम्ही परसात खड्डा खणला, प्लेट गाडली, कोळसा आणि मीठ घातलं, पाणी ओतलं. घूं बरीचशी गेली, झिणझिणी पूर्ण गेली. जी राहिली ती ट्यूबलाइटच्या चोकची आणि गिटारच्या पिकअपची, ती मी तोंड खिडकीकडे करून बसलो की कमी होते. तुमच्यापैकी कुणी मुलांना गिटारबिटार घेऊन देणार असाल तर सूर नंतर बघा, आधी अर्थिंग बघा.

आता बटणं. समोर सहा आहेत. व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस, मिडल, मास्टर आणि रिव्हर्ब. मी प्रेसवर काम केलेला माणूस. मला वाटलं, सहा नॉब म्हणजे एका दुपारचं काम. मुलाने यूट्यूबवर कुणाचं तरी सेटिंग काढून दिलं, ट्रेबल सहा, मिडल चार, बेस पाच. ठेवलं. त्याच्या खोलीत तो आवाज मधासारखा होता, माझ्याकडे पत्र्यासारखा. दोन आठवडे मी ते आकडे लावत आणि काढत होतो. मग हळूहळू कळत गेलं.

पहिलं हे कळलं की ही बटणं रेडिओच्या बटणासारखी एकटीदुकटी काम करत नाहीत. ट्रेबल, बेस आणि मिडल एकाच सर्किटात एकमेकांना धरून असतात. एक हलवलं की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. शिवाय ती आवाजात काही घालत नाहीत, नुसतं काढून घेतात. माझ्या अँपवर तिन्ही शून्यावर नेली तर आवाजच जातो! आणि तिन्ही मध्यावर ठेवली की आपल्याला वाटतं, चला, समतोल झाला. तसं नसतं, तेव्हा मधले स्वर खाली बसलेले असतात. सरळ, सपाट आवाज हवा तर बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणि मिडल शेवटपर्यंत, अशी काहीतरी विचित्र मांडणी करावी लागते. म्हणजे आकड्यांकडे बघून कामच नाही.

दुसरं, रात्री हळू आवाजात लावलेलं सेटिंग सकाळी मोठ्या आवाजात चालत नाही. मला वाटलं अँप बिघडला. पण तो दोष कानाचा आहे, सगळ्यांच्याच. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे आवाज कमी ऐकू येतात. म्हणून रात्री आपण बेस वाढवतो आणि दिवसा भिंती हलतात.

तिसरी गोष्ट कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. या बारा इंची स्पीकरमधून खर्ज सगळीकडे पसरतो, पण वरचे स्वर बॅटरीच्या झोतासारखे सरळ समोर जातात. अँप जमिनीवर आणि आपण त्याच्यापुढे उभे. म्हणजे झोत कुठे लागतो? पोटऱ्यांना. माझ्या गुडघ्यांनी सहा महिने फार सुंदर गिटार ऐकली असेल. मला स्वतःला ती बोदी वाटायची, म्हणून मी ट्रेबल वाढवत होतो, आणि तो सगळा ट्रेबल समोर बसलेल्याच्या कानात जात होता.

आणि आता व्हॉल्यूम आणि मास्टर, जिथे खरी जादू आहे. व्हॉल्यूम पुढच्या छोट्या व्हॉल्व्हना ढकलतो, मास्टर मागच्या मोठ्यांपर्यंत किती जायचं ते ठरवतो. व्हॉल्यूम वाढवत नेला की एका जागी व्हॉल्व्हला झेपेनासं होतं, लाटेचा माथा कापला जातो. साध्या ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये तो एकदम चाकूने कापल्यासारखा जातो, व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू गोल होत जातो. आणि माथा गोल झाला की मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात. दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिप्पट कंपनांचा, म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट, म्हणजे आणखी वरचा गंधार.

बाई, इथे मला तुमचा तानपुरा आठवतो. मिरजेहून आणलेला. शाळेच्या गॅदरिंगआधी तुम्ही घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसायच्या, केसभर पुढे, केसभर मागे, आणि आम्ही मागे खिदळायचो की बाई दोऱ्याशी काय खेळतायत. मग एका क्षणी तार एकदम बोलायला लागायची. तुम्ही म्हणायच्या, ‘आता जवारी लागली. गंधार ऐका, मी वाजवलेला नाही, तो आपला आपण आलाय.’ मला तेव्हा काहीही ऐकू आलं नव्हतं, मी मान हलवली होती. चाळीस वर्षांनी, या खोक्याच्या व्हॉल्यूमवर साडेचार आणि पाचच्या मध्ये, मला तो गंधार ऐकू आला. त्या दिवशी मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ऐकवला. ती म्हणाली, ‘गॅस चालू आहे.’

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाचून मला उगीचच आपल्याला काही मिळाल्यासारखं वाटलं. कारण तिथले कारागीर जवारी काढायला घोडीचा माथा कानसेने जसा गोल करत बसतात, तसंच काहीतरी हा व्हॉल्व्ह लाटेच्या माथ्याचं करतो. आणि म्हणूनच फाटलेल्या आवाजात तीन-चार स्वर एकदम वाजवले की चिखल होतो. प्रत्येक स्वर आपापलं गोत घेऊन येतो आणि ती गोतं भांडतात. नुसते सा आणि पंचम वाजवले तर ती एकमेकांत मिसळतात. रॉकवाली मुलं तेवढेच दोन स्वर का वाजवतात याचं कारण एवढंच आहे.

इथपर्यंत मी खूश होतो. मग या मेळाव्यासाठी चार गाणी बसवायचं ठरलं. आपली गायिका, ढोलकी, बेंजो, आणि मी. तालमी खिडकाळीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात. पहिल्या तीन तालमी मला फार छान वाटल्या. चौथ्या तालमीला मी पाहिलं, आपल्या गायिकेने कानात कापूस घातला होता. मला वाटलं, कान दुखत असेल. ढोलकीवाला माझ्यापासून लांब, दाराशी जाऊन बसला होता. कुणी काही बोललं नाही. शेवटी तिनेच सांगितलं. म्हणाली, ‘राग मानू नकोस, तुझी गिटार कानात टाचणीसारखी जाते. पहिल्या दिवसापासून जाते.’

मी राग मानला. मी म्हणालो, मला तर बोदी ऐकू येते आहे, तुमचेच कान म्हातारे झालेत. त्या दिवशी खोकं उचलून घरी आलो. चौदा किलो, रागाने उचललं, कंबर आठ दिवस धरली होती.

आता ती चौतीस वर्षांतली एक गोष्ट. प्रेसचा घाव मिनिटाला तीस-चाळीस वेळा पडतो. मशीन माझ्या डाव्या हाताला होतं. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं, यावरून काय ते समजा. कानात घालायचे बोळे मिळायचे. घालायचो नाही. घातले तर डाय बसतोय की नाही ते आवाजावरून कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर बोळे घालणाऱ्याला सगळे हसायचे. मीही हसायचो. रात्री झोपलो की कानात बारीक शीळ वाजायची. मी बायकोला म्हणायचो, शीळच्या माणसाच्या कानात शीळ वाजणारच.

कंबर धरलेल्या त्या आठ दिवसांत मुलगी आली होती. तिने टीव्हीचा आवाज बघितला आणि मला सरळ डोंबिवलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मला वाटलं मशीन बंद पडलं. मशीन चालू होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झजवळ विहिरीत उतरते आणि मग थोडी वर येते. डाव्या कानाची विहीर जास्त खोल. त्यांनी विचारलं, ‘कारखान्यात होतात का?’ मी काही सांगायच्या आधी. आवाजाने गेलेला कान असाच दिसतो म्हणाले; ती विहीर म्हणजे अंगठ्याचा ठसा असतो. आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या गेल्या की परत येत नाहीत.

‘स’, ‘श’, ‘फ’ हे वर्ण तिथेच आसपास राहतात. म्हणून मला ‘साठ’ आणि ‘आठ’ एकच ऐकू येतं, आणि भाजीवाल्याशी माझं भांडण का होतं ते त्या दिवशी कळलं. आणि गिटारच्या आवाजाची धारही तिथेच राहते. म्हणजे जे मला ऐकू येत नव्हतं ते मी ट्रेबलच्या बटणाने भरून काढत होतो. मला बरोबर ऐकू येईपर्यंत वाढवलेला ट्रेबल म्हणजे चांगल्या कानाला टाचणी. त्यात बेंजो आधीच त्याच उंचीवर वाजतो. सगळी गर्दी एकाच दारात.

मी डॉक्टरांना विचारलं, गिटार सोडू का? त्यांनी कागदावर लिहून दिलं: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. माझा अँप १५ वॉटचा. लोकांना वाटतं खेळण्यातला असेल. वॉट निम्मे केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि १५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप उघडला तर मीटरभरावर शंभरीच्या सहज पुढे जातो. मागचे मोठे व्हॉल्व्ह फाटायला लागतात ते त्या जोरावरच, आणि तोच आवाज मला हवा होता. तो मी सोडला. आता मास्टर दोनच्या वर जात नाही. जे काही फाटायचं ते पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये फाटतं. दोन्ही आवाज एक नाहीत. ज्यांनी सारखेच आहेत म्हणून सांगितलं त्यांनी मोठा ऐकलेला नाही. श्रवणयंत्र मिळालंय, बोलण्यासाठी उत्तम आहे, आत्ताही लावलंय. पण ते बोलण्यासाठीच बनवलेलं. गिटार सुरू झाली की ते आपल्या मनाने आवाज दाबतं, उचलतं, म्हणून वाजवताना काढून खिशात ठेवतो आणि बोळे घालतो. हो, आता घालतो.

पण मग नॉब लावायचे कुणी? मी वायरमनकडे गेलो. त्याला म्हटलं, तुझे कान चांगले आहेत, तू लाव. तो म्हणाला, ‘मला त्यातला काय पण कळत नाय.’ म्हटलं, म्हणूनच. आम्ही गाळ्यात अँप उचलून शाळेच्या एका मोडक्या बाकावर ठेवला, थोडा मागे कलता, म्हणजे झोत पोटऱ्यांना न लागता छातीला लागेल. बाकीच्या तिघांना वाजवायला लावलं, कारण एकटी गिटार लावून उपयोग नाही. एकटी असताना सुंदर वाटणारा आवाज चौघांत हरवतो किंवा सगळ्यांवर बसतो. तो गाळ्याच्या अगदी मागे जाऊन उभा राहिला. टोचलं की कान धरायचा. बोदं वाटलं की पोट धरायचा. गायिकेचे शब्द ऐकू आले नाहीत की तोंडावर हात. एवढ्या तीन खुणा. मी एकेक बटण फिरवत होतो आणि त्याच्याकडे बघत होतो. ट्रेबल सातवरून साडेतीनवर आला. मिडल पाचवरून सहावर गेला, मग गायिका आली की तोंडावर हात, मग परत साडेपाच. बेस तीन, कारण खाली ढोलकी आहे.

जिथे त्याने दोन्ही हात खाली सोडले, तिथे मी खडूने खुणा केल्या. गायिकेने कापूस काढला. ढोलकीवाला दाराजवळून आत आला. बेंजोवाला म्हणाला, आज पहिल्यांदा मला मी ऐकू आलो. सगळे खूश.

आणि मला? मला तो आवाज आवडला नाही. मित्रांनो, खोटं कशाला सांगू. मला तो गोधडीखालून आल्यासारखा ऐकू येतो. बाईंचा गंधार, जो मला चाळीस वर्षांनी सापडला होता, तो या खुणांवर मला ऐकू येत नाही. बाकीचे म्हणतात, आहे, चांगला स्पष्ट आहे. मी परत आठवीत गेलोय, मान हलवतो. तालमीत दोनदा मी गुपचूप ट्रेबल एक घर वाढवून बघितला. दोन्ही वेळा मागून कान धरलेला दिसला. दुसऱ्या वेळी त्याने नुसता कान धरला नाही, मला आयकू येत नाय म्हणून तुम्हाला पन भोगाला लावतो काय, असं सगळ्यांदेखत म्हणाला.

घड्याळ दाखवू नका, झालंच. आता गाणी आहेत. व्हॉल्व्ह मघाशीच तापायला ठेवलेत. सर, मागे जाळीतून नारिंगी दिसतंय बघा. हात लावायचा नाही. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, झोत तुमच्यावर येणार आहे. गंधार आला तर मला नंतर सांगा. सभागृह सकाळी रिकामं होतं तेव्हा आम्ही ट्रेबल तीनवर ठेवला होता. आता तुम्ही सगळे बसलात, माणसं आणि साड्या वरचा आवाज पितात, तर थोडा वाढवावा लागेल. किती, ते मला ठरवता येत नाही.

वायरमन, तू तिथे दाराशी उभा राहू नकोस. शेवटच्या बाकावर जा, आपल्या जागेवर. आणि हात वर दिसू देत.